मला काका म्हणणारा म्हातारा

भोकरदनच्या बसस्टँडवर एक म्हातारा राहायचा. जालन्याला ऑफिसला जायला मी रोज तिथूनच बस धरायचो. मी त्याला बाबा म्हणायचो आणि तो मला काका. मी नुकताच पन्नाशीला टेकलो होतो, त्यामुळं मला त्याचा रागच यायचा. दाढी पांढरी, पुढचे दात पडलेले, आणि हा मला काका म्हणतो! एकदा बोललोच, "बाबा, मला काका म्हणत जाऊ नका." तो नुसता हसला.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या पायाची जखम चिघळली. मीच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शुगर सांगितली, गोळ्या दिल्या आणि जेवण झाल्यावरच घ्या म्हणून बजावलं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "काका, ज्या दिवशी जेवण भेटलं न्हाई, त्या दिवशी गोळीचं काय करायचं?"

त्या दिवशी मी माझा डबा त्याला दिला. रोज काही देणं झालं नाही.

दिवाळीच्या आधी तो स्टँडच्या बाकड्यावरच गेला. पंचनाम्याला पोलिसांनी ओळखीचा म्हणून मला बोलावलं. जमादारानं विचारलं, "वय काय लिहू?"

"लिहा पासष्ट-सत्तर," मी म्हणालो.

मंग त्याच्या पिशवीत आधार कार्ड सापडलं. जमादारानं जन्मसाल मोठ्यानं वाचलं. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान होता.

इतके दिवस तो मला बराबर हाक मारत होता.