फॉर्मालिनमधला समुद्र

धुळ्यात बसून समुद्राचा प्रकल्प म्हटल्यावर कॉलेजात जो तो हसायचा. "काय गं, पांझरेला भरती आली का?" पांझरा म्हणजे आमची गावातली नदी. मी आधी चिडायचे, मग मीही हसायचे.

प्रकल्प मात्र खरा होता. कोकणातल्या एका कॉलेजची मुलं होडीतून बारीक जाळी ओढून प्लवक गोळा करायची. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारे जीव. ते कुजू नये म्हणून फॉर्मालिनमध्ये बुडवलेल्या त्याच्या बाटल्या कुरिअरने आमच्याकडे यायच्या आणि एमएस्सीच्या आम्ही मुली सूक्ष्मदर्शकाखाली कोण वाढलं, कोण कमी झालं ते मोजायचो. मान मोडून यायची, फॉर्मालिनने डोळे चुरचुरायचे. तरी मी सगळ्यांत शेवटी उठायचे. माझा लाडका कोपेपॉड, तांदळाच्या कणीहून बारीक, लांब मिशांचा, एका डोळ्याचा. पण मेलेला. फॉर्मालिनमध्ये सगळेच मेलेले. कोकणातली मैत्रीण फोनवर सांगायची, "अगं, जिवंत असला ना, की असा टुणकन उडतो, नजर पुरत नाही!" नुसता जळफळाट व्हायचा माझा. मला तो एकदा, एकदाच, उडताना बघायचा होता.

दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला होडीवर न्यायचं ठरवलं. मी आठवडाभर आधीच बॅग भरून बसले. आणि नेमकं त्याच दिवसांत नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. भाऊ सुरतेला. आईला बाटलीवरचं वाचता येत नाही. डोळ्यात थेंब कोण घालणार?

निघायच्या आदल्या दिवशी नाना म्हणाले, "तू जाय बेटा, मनी कायजी करू नको." आणि डोळ्याला पट्टी बांधलेले ते, पाण्याचा तांब्या चाचपायला लागले. मी बॅग रिकामी केली. फार रडले, पण मोरीत, नळ सोडून.

"समुद्र काय पयी जाई ऱ्हायना का?" नाना समजावत राहिले. समुद्र कुठे पळतोय! मीच अडकले. लग्न, शाळेतली नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे.

गेल्या हिवाळ्यात एकदाचे सगळे कोकणात गेलो. पोरं घोडागाडीकडे पळाली. मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात शिरले, ओंजळ भरली आणि उन्हाकडे धरली. बघतच राहिले.

ह्यांनी मागून डोकावून पाहिलं. "काय सापडलं एवढं?"

"बघा ना."

"छे! नुसतं पाणी तर आहे."

नुसतं पाणी! अहो, माझ्या हातात होते ते. जिवंत होते. आणि मला त्यातला एकही दिसत नव्हता. बोटांच्या फटीतून पाणी गळून गेलं. मी वाकले, पुन्हा ओंजळ भरली.