दिल्लीचे साहेब आणि आमचे गुरुजी

एक रेडिओ, चार रिकामे लोक आणि एक पाटील, एवढं एका ओसरीत बसलं की किस्से पेरावे लागत नाहीत, तणासारखे उगवतात! आर्णीकडच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचा रेडिओ आला, तो पंचायतीच्या ओसरीवर ठेवला, अन् माझी शिवणाची मशीन तिथंच बाजूला. त्यामुळं बटन फिरवायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. दिल्लीचं भाषण असलं की समजावून सांगायला शाळेचे गुरुजी!

०००

एकदा रेडिओनं पाऊस सांगितला. पाटलांनी वाळत घातलेली सगळी तूर धावपळ करून घरात भरली. अन् दिवसभर डोकं तडकेल असं ऊन! संध्याकाळी पाटील तणतणत आले.

"आज याले बोलूच देऊ नको. खोटारडा हाये!"

त्या दिवशी अख्ख्या गावाच्या बातम्या बुडाल्या.

०००

मग एक मोठे पुढारी गेले. रेडिओवर नुसती सारंगी. सगळे टोप्या काढून बसलेले. मध्येच सारंगी थांबली, आवाज गुल! पाटलांनी उठून रेडिओला दोन थापडा हाणल्या.

गुरुजी ओरडले, "अहो पाटील, दिल्लीत मौन पाळून राह्यले!"

पाटील गडबडले. रेडिओपुढं हात जोडून म्हणाले, "माफ करा साहेब, चालू द्या!"

०००

त्याच दुखवट्याचं भाषण. आमची हिंदी बाजारातली, दिल्लीहून बोलणाऱ्या साहेबांची एकदम पुस्तकातली. साहेब बराच वेळ बोलले. गुरुजी म्हणाले, "साहेब म्हणतात, धीर धरा."

साहेब आणखी बराच वेळ बोलले.

"अजून धरा!"

पाटील भडकले, "बाप्पा! इतकं बोलले अन् एवढंच?"

"बाकी शोभेचं आहे, पाटील!"

०००

पण खरा किस्सा त्याच्या आधीचा, चीनच्या लढाईतला. आपली पोरं बर्फात मारली गेली, गाव सुन्न झालं. बंजारा तांड्यावरच्या सोनी याडीचा पोरगा रामधन फौजेत, तिकडंच होता. याडी म्हणजे त्यांच्यात आई. आम्हीही तिला याडीच म्हणायचो. पोराची काही खबर नाही म्हणून तिनं अन्न सोडलं होतं. कोणाचं ऐकेना. "दिल्लीचा साहेब काय म्हन्ते ते आयकते, मंग पाहू," एवढंच म्हणायची. सुनांनी धरून धरून तिला ओसरीवर आणलं.

भाषण सुरू झालं आणि थोड्याच वेळात बॅटरी बसली. आवाज बारीक झाला, मग काहीच नाही. मागच्यांना काय, तसंही फक्त गुरुजीच ऐकू यायचे. गुरुजींनी कान रेडिओला तसाच लावून ठेवला, मान हलवली आणि बोलतच राहिले.

"साहेब म्हणतात, गेलेली पोरं माझीच होती. साहेब म्हणतात, ज्यांची पोरं अजून तिकडं आहेत, त्या आयांच्या घरची चूल विझता कामा नये. पोरगं घरी येईल तेव्हा त्याला वाढायला आई धड पाहिजे."

पाटील धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मीही रडलो, खोटं कशाला बोलू!

याडी उठली. गुरुजींच्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "डब्बा तं कवाचाच बंद पडला, गुरुजी. पन साहेब लय चांगलं बोलले. आता तुमीबी घरी जाऊन जेवा. मले भाकरी टाकायची हाये."