कोऱ्या ताई

ताईंचं आडनाव जगदाळे. पण फतेगंजच्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळे त्यांना ‘कोऱ्या ताई’ म्हणत. नवा प्रोजेक्ट त्या कायम रिकाम्या फोल्डरपासून सुरू करत. जुन्या प्रोजेक्टची नक्कल करून वर नवं नाव चिकटवणं त्यांना मुळीच खपत नसे. “जुन्याबरोबर जुना कचरा पण येतो,” त्या गुजराती मिसळून म्हणत. “उतावळ नको, शांतीथी कर.”

कोडला बाहेरच्या कुठल्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, लागतात ते बिल्ड टूलच्या फाइलमध्ये लिहायचं, मग ते टूल सगळं गोळा करून चालता प्रोग्रॅम बांधून देतं. ताई त्या फाइलच्या ओळीओळीवर बोट ठेवून विचारत, “हे कशाला हवंय?” उत्तर आलं नाही की ओळ गेलीच.

मी नवी होते आणि मला घाई होती. नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यासाठी वायुगळतीचा इशारा देणारा प्रोग्रॅम करायचा होता. मी गुपचूप जुना प्रोजेक्ट उचलला. माझ्या कॉम्प्युटरवर झकास चालला. चाचणीच्या दिवशी कारखान्याच्या कॉम्प्युटरवर मात्र बिल्डच होईना. लाल अक्षरांनी पडदा भरला.

“बेन, आ चालशे के नहीं?” तिथल्या साहेबांनी गुजरातीत विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ताईंनी चूक आमची म्हणत उद्याचा वायदा करून टाकला, “भूल अमारी छे. काले चालशे.”

परतताना त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी बोलणी खायची वाट पाहत होते. त्यांनी स्कूटर थांबवली ती शेव-उसळीच्या गाडीपाशी. “खा आधी. रडून बिल्ड होत नाही.”

ऑफिसात त्यांनी मला रिकामं फोल्डर उघडायला लावलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. एकेक ओळ मी लिहिली. घोळ सापडला: एक जुनी लायब्ररी फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर पडून होती, फाइलमध्ये तिचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी नंदेसरीत इशाऱ्याचा भोंगा असा वाजला, की साहेबांनी कानात बोटं घातली. पुढे पावसाळ्यात तो एकदा खराखुरा वाजला. माणसं वेळेवर बाहेर आली, सगळी धडधाकट.

यंदा ताई मुलीकडे कॅनडाला गेल्या. मी हरणीला राहते, विमानतळ जवळच, पोचवायला गेले. तिथे धीर करून सांगून टाकलं, “ताई, तेव्हा मी जुना प्रोजेक्ट कॉपी केला होता.”

“आदल्या दिवशीच पाहिलं होतं मी.”

“मग थांबवलं का नाही?”

“चाचणीच तर होती. चुकायला त्याहून बरा दिवस कुठला मिळणार होता तुला?”

मला क्षणभर रागच आला. मग ते “भूल अमारी छे” कुणी म्हटलं होतं ते लख्ख आठवलं, आणि भर गर्दीत मी त्यांच्या पायाशी वाकले. “अगं, उठ, लोक बघतायत,” असं म्हणत त्यांनीच मला घट्ट धरून ठेवलं.