हातवाले डॉक्टर

धंतोलीत दाताच्या डॉक्टरांची वानवा नाही. तरी रामटेककडचा माणूस रिक्षावाल्याला 'हातवाले डॉक्टर' एवढंच सांगे आणि बरोबर आमच्या दारात उतरे. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला डॉक्टर एकच सांगत, "डावा हात वर केला का मी थांबतो. काहून म्हणून विचारत नाही." आणि खरंच थांबत. मशीन अर्ध्यात असलं तरी थांबत.

त्यांची नजर तोंडात असायची, म्हणून पेशंटचा हात बघणं माझं काम. हात उचलला की मी म्हणायचं, "हात." बावीस वर्षं खुर्चीशेजारी उभी राहून मी हेच केलं. कापूस देणं, लाळ ओढायची नळी धरणं कुणालाही जमेल, असं ते म्हणत, आणि मला त्याचा रागही येई.

रामटेकच्या एका मिशीवाल्या शेतकऱ्याने एका दाढेसाठी अकरा वेळा हात वर केला. माझी कन्हानची बस गेली. शेवटी तोच म्हणाला, "दुखत नव्हतं डॉक्टरसाहेब. तुमी खरंच थांबता का, ते पाहून राहिलो होतो." डॉक्टर म्हणाले, "पाहा ना गा. मले घाई नाही." मी मनात दोघांनाही शिव्या घातल्या.

हे वेड कुठून आलं, ते एकदा डबा खाताना त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईची दाढ चौघांनी तिला धरून उपटली होती. ती हात झटकत राहिली, कुणी थांबलं नाही. त्यानंतर तिने कुठल्याही डॉक्टरपुढे तोंड उघडलं नाही. गालाच्या आत गाठ आली तरी नाही. घरच्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. "लोकायले वाटते, याले दात काढाची आवड हाय. मले थांबाचं होतं, बाई," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

मग त्यांचा मुलगा दाताचाच डॉक्टर होऊन आला. "बाबा, इंजेक्शन दिल्यावर दुखत नाही. नुसत्या भीतीसाठी काय थांबायचं?" त्याने विचारलं. "दुखते म्हणून नाही थांबत. तो थांबा म्हणून राहिला, म्हणून थांबतो." मुलगा हसला. वर्षभरात मोठी खोली त्याची झाली, डॉक्टर मागच्या खोलीत गेले आणि मला मुलाच्या खुर्चीशेजारी उभं केलं. पहिल्याच पेशंटने हात उचलला, तसं मी "हात" म्हटलं. धाकटे डॉक्टर म्हणाले, "ताई, मला दिसतं," आणि मशीन चालूच ठेवलं. मी पुन्हा म्हटलं नाही. नोकरी टिकवायची होती.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांना लकवा झाला. बोलणं गेलं, उजवं अंग गेलं, उरला तो डावा हात. पोटात अन्न जावं म्हणून नाकातून घातलेली नळी त्यांनी त्याच हाताने दोनदा ओढून काढली, तेव्हा दवाखान्यात तो पलंगाच्या कठड्याला पट्टीने बांधला. नळी तिसऱ्यांदा घालायची होती त्या दुपारी धाकट्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही दिसलात की बाबा शांत राहतील," ते म्हणाले.

मी डोक्याशी उभी राहिले, नेहमीसारखी. नळी आत जाऊ लागली आणि बांधलेला हात मनगटापासून जेमतेम चार बोटं उठला. मुलगा आणि सिस्टर नळीकडे बघत होते. डॉक्टर माझ्याकडे बघत होते.

नळी घालणं गरजेचं होतं, हे मला कळतं. कुणी काही चुकीचं करत नव्हतं. थांबले असते तर अर्धं मिनिट गेलं असतं, एवढंच. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. मी धाकट्या डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

नळी बसली. "बघा, किती शांत राहिले," धाकटे डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली.

त्यानंतर डॉक्टर चार दिवस जगले. मी रोज जाऊन त्या हाताकडे बघत बसत होते. त्यांनी तो पुन्हा उचलला नाही.