डोळे मिटून उभे राहणे

लातूरला रेल्वेने पाणी आले त्या उन्हाळ्यात मी तोंड धुताना पहिल्यांदा पडलो. न्हाणीत उभा होतो. तोंडावर पाणी मारले, डोळे मिटले आणि जमीन एका बाजूला कलली. भिंतीला हात लागला, पण बादली लवंडली आणि दिवसभराचे पाणी मोरीत गेले. गुडघा फुटल्याचे नंतर लक्षात आले.

पत्नी जाऊन दोन वर्षे झाली होती. मुलगा पुण्याला. त्याचे म्हणणे, घर विकून त्याच्याकडे राहायला यावे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नांदेडच्या एका दैनिकाने मला इथे वार्ताहर म्हणून पाठवले. भाड्याच्या खोलीत आलो, पुढे हे घर बांधले. ते सोडायचे नव्हते. हातीपायी धड आहे तोवर इथे, अशी मुलाशी तडजोड झाली होती. म्हणून पडल्याचे त्याला कळवले नाही.

पायांचे दुखणे आधीपासून होते. दुखणे म्हणजे दुखत नव्हते, हीच अडचण. तळव्यांना जाड मोजे घातल्यासारखे वाटे. एकदा गंजगोलाईच्या बाजारातून घरी पोचलो तर एका पायात चप्पल नव्हती. कुठे निघाली, कळले नाही. साखरेची गोळी बरीच वर्षे चालू होती. साखरच वाढली असणार, असे मी धरले. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच धरले आणि गोळी वाढवली.

टँकरपाशी भरलेली घागर उचलून वळलो की पाय भलतीकडे पडे. समोरचा किराणा दुकानदार एकदा म्हणाला, "काका, सकाळी सकाळीच लावून आलाव का?"

लोक हसले. मीही हसलो.

"पेपरवाल्यांचं असंच असतंय," रांगेतली एक बाई म्हणाली. "इथं प्यायला पाणी न्हाई, अन् ह्यांना लई सुचतंय."

काही दिवसांनी हसणे थांबले. शेजारच्या घरून सणाला ताट यायचे, ते आले नाही. चेंडू मागायला थेट आत येणारी मुले फाटकाशीच उभी राहू लागली. माझ्या गळ्यात इष्टलिंग आहे. दारूला कधी हात लावलेला नाही. पण कोणाला सांगायला गेलो नाही. खुलासा छापला की ज्यांनी बातमी वाचली नव्हती त्यांनाही ती कळते, हे नोकरीत पाहिले होते.

बातमी पुण्यापर्यंत गेली. मुलाचा फोन आला.

"अप्पा, घराचं दिवाळीच्या आधी बघून टाकू."

"का? काय झालं?"

"काही नाही. एकटं राहिलं की माणसाला सवयी लागतात."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आले असते.

पावसाळ्याच्या तोंडाला नांदेडला बहिणीकडे गेलो. ती माझ्याहून मोठी. फाटकापासून ओसरीपर्यंत मी कसा आलो ते तिने नुसते पाहिले. पाणी दिले आणि समोर बसली.

"प्यायलास का रे तू?"

"नाही, अक्का."

"माझ्या गळ्याची शप्पथ?"

"तुझ्या गळ्याची."

"मग ऊठ, डॉक्टरकडं चल. प्यायलेला माणूस निदान सकाळी नीट चालतोय."

तिच्या डॉक्टर बाईंनी पाय जुळवून उभे राहायला आणि डोळे मिटायला सांगितले. मी मिटले. त्यांनी खांदे धरले तेव्हा कळले, की मी पडत होतो. मग त्यांनी थरथरणारा लोखंडी चिमटा पायाच्या अंगठ्यावर टेकवला. चिमट्याचा आवाज ऐकू येत होता. अंगठ्याला काही कळत नव्हते.

"मांसाहार?"

"नाही."

"दूध, दही?"

पत्नी गेल्यापासून घरात विरजण लागले नव्हते. त्या वर्षी दूधही बंद केले होते.

रक्त तपासले. बी-बारा फार कमी निघाले. ही गोळी साखर सांभाळते, पण वर्षानुवर्षे घेतली तर काहींच्या अंगात बी-बारा नीट शोषले जात नाही, आणि शाकाहारी माणसाकडे ते मुळात थोडे, असे बाईंनी समजावले. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, इंजेक्शने घ्यायची.

"पाय पहिल्यासारखे होतील?"

"थोडे होतील. तुम्ही उशिरा आलात."

तिथूनच मुलाला फोन केला. घडले तसे क्रमाने सांगितले.

"म्हणजे तुम्ही पीत नव्हता?"

"नाही."

"मग तेव्हाच सांगायचं ना, अप्पा."

"तू विचारलं नाहीस."

घराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. फोनही पूर्वीपेक्षा कमी येतात. येतात तेव्हा इंजेक्शन घेतले का, एवढे विचारतो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. टँकर बंद झाले, रांग मोडली. गल्लीत कोणी काही विचारले नाही, आणि सहज सांगून टाकावे अशी जागाही उरली नाही. दुकानदार अजून काका म्हणतो, सामान पिशवीत नीट भरून देतो आणि मी पायरी उतरेपर्यंत बघत राहतो.

उजव्या अंगठ्याला आता फरशीचा गारवा कळतो. बाकीचा तळवा अजून लांब आहे. न्हाणीत डावा हात भिंतीवर टेकवलेला असतो. तोंड एका हाताने धुतो, आधी एक बाजू, मग दुसरी. डोळा एका वेळी एकच मिटतो.