आत्याची शेवटची खुर्ची

आमच्या आत्याला स्वर्गाची भारी घाई होती. तब्येत ठणठणीत, दात शाबूत, भूक दांडगी, तरी चहाचा कप खाली ठेवताना म्हणायची, "आता प्रभूने बोलवावं बाई. इथलं बघून झालं." त्यावर माझे वडील म्हणायचे, "जाण्याआधी कप धुऊन जा." धाकटा भाऊ असल्यामुळे त्यांना तेवढी मुभा होती.

आत्या वेताच्या खुर्च्या विणायची. लग्न केलं नाही, कोणी विचारलंच तर "ताणायला वेत आहे की, नवरा कशाला?" असं ऐकवायची. पुढच्या खोलीत बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या आणि आत्या मांडीवर चौकट घेऊन बसलेली. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरप्या. विणताना गाणी म्हणायची, सगळी पैलतीराची. सूर मात्र कधी तीराला लागला नाही.

चर्चमधल्या खुर्च्यांची पार झोळी झाली होती. आत्याने त्या फुकट विणून द्यायचं पत्करलं आणि उत्साहाच्या भरात, भर उपासनेत उभी राहून मोठ्याने प्रार्थना केली, "प्रभू, ह्या खुर्च्या पुऱ्या झाल्या की मला ने." सगळी मंडळी म्हणाली, "आमेन." वडील जरा जास्तच जोरात म्हणाले, असं आत्याचं म्हणणं.

बघता बघता खुर्च्या संपत आल्या. एकच उरली, दाराशी बसणाऱ्या घंटावाल्या काकांची. ती आत्याकडे, म्हणून काका उपासनाभर लाकडी खोक्यावर बसायचे आणि नेमके सगळे शांत असताना "आई गं!" करून उठायचे.

आत्याला मात्र आता सवडच होईना. आज वेत कोरडा, उद्या फार भिजला, परवा बोट दुखतंय. मधेच कुणाचा तरी पाळणा आला, तो आधी. कोपऱ्यातली ती रिकामी चौकट आ वासून बघत होती आणि आत्या तिच्याकडे पाठ करून बसायची. गाणीही बंद पडली.

शेवटी मी विचारलं, "आत्या, घाबरलीस का गं?"

मला वाटलं, आता अंगावर येणार. पण तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"हो," ती म्हणाली. "त्याला भेटायचंय गं मला, खोटं नाही बोलत. आईला बघायचंय. पण सकाळी उठून वेत भिजत घातला की वाटतं, आज नको. मग लाज वाटते. जन्मभर सगळ्यांना सांगत फिरले, आणि आता पाय निघत नाही."

तिचे डोळे भरून आले. एरवी मी तिची टर उडवली असती, पण त्या दिवशी मला तिची फार माया आली.

तेवढ्यात घंटावाले काका कमरेवर हात ठेवून दारात. "ताई, कधी जायचं ते तुम्ही आणि प्रभू बघून घ्या. माझ्या कमरेला मधे का घेताय?"

आत्या लालबुंद झाली. ते गेल्यावर तिने बादलीतल्या पट्ट्या चाचपून पाहिल्या. मग उठली आणि चौकट पुढे ओढली. "मेले तर मेले! म्हातारा माणूस खोक्यावर बसलाय आणि मी इथे देवाशी घासाघीस करतेय."

संध्याकाळपर्यंत खुर्ची झाली. काका तिच्यात बसले ते उठायचं नावच घेईनात. आत्याने घरी येऊन वडिलांना त्या आमेनबद्दल माफ केलं, ठेवणीतले कपडे घातले आणि "सकाळी मला उठवू नका" असं सांगून झोपली.

सकाळी मी हळूच दार लोटून तिच्या खोलीत डोकावले. आत्या टक्क जागी, छताकडे बघत. चेहरा बस चुकलेल्या माणसासारखा.

तेवढ्यात कोपऱ्यावरची मुलगी मोडकी आरामखुर्ची ओढत आली. "आजोबा हिच्यातून खाली पडले हो. दुसरीकडे त्यांना बसताच येत नाही."

आत्या त्याच कपड्यांत बाहेर आली. फाटक्या विणीत बोट घालून म्हणाली, "कोणी विणलं होतं हे?"

"तुम्हीच."

आत्याने बोट बाहेर काढलं. मग भिंतीला टेकून खाली बसली, खुर्ची उताणी केली आणि जुनी वीण उसवायला लागली.

"थांबावं लागेल तुला," ती म्हणाली.

"मला?" मी विचारलं.

"तुला नाही गं," आत्या म्हणाली. "तू पाणी आण."