पोर्टची कड

मुलांनो, तुमच्या धाकट्या आजोबांनी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला सांगितलं की घरचा चेनसॉ आजीनं जाळला, पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं म्हणून. नंतर तुम्ही मला फोन करून हसत विचारलंत, "खरंच का गं, आजी?" ती गोष्ट तुमच्या डोक्यात पक्की होण्याआधी हे लिहिते आहे.

चेनसॉ तुमच्या आजोबांचा होता. ते गेल्यावर मळ्यातली वाळलेली संत्र्याची झाडं तोडायला माझे हे दीर तो चालवायचे. पेट्रोल मी तयार करायचे. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणून मी ते खुणेच्या बाटलीनं मोजून मिसळायचे. एकदाही अंदाजानं ओतलेलं नाही.

शेजारच्या मळ्यातलं यंत्र आपल्यापेक्षा भरभर कापतं, हे दिरांना बघवेना. रिसोडला पंपांच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी सिलिंडर काढला आणि धूर बाहेर जाण्याचं तोंड, म्हणजे पोर्ट, घासून मोठं करायला घेतलं. धूर लवकर सुटला की इंजिनाचा जोर वाढतो. कल्पना चुकीची नव्हती. शाळेत शिकवायची सवय, म्हणून निवृत्तीनंतरही मी त्यावर इंग्रजीत बरंच वाचलं आणि त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: पोर्ट फार रुंद करू नका, आणि घासून झाल्यावर त्याची कड गोल करा, नाहीतर पिस्टनची रिंग तिथं अडकेल.

कानस न थांबवता ते म्हणाले, "वहिनी, शाळा सुटली आता. मले कायले शिकवून राह्यल्या? चहा ठेवा."

मी चहा ठेवला नाही.

चार दिवस यंत्र खरोखर जोरात चाललं. प्रत्येक झाड पडलं की ते माझ्याकडे बघायचे. पाचव्या दिवशी आतून खट्ट आवाज आला आणि ते बंद पडलं. त्यांनी तिथल्या तिथं मजुरांना सांगितलं की बाईनं ऑइल कमी टाकलं. संध्याकाळपर्यंत माझ्या जावेलाही ते पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः सिलिंडर उघडला. ऑइल कमी पडलं असतं, तर पिस्टनवर आणि भिंतीवर उभे ओरखडे दिसले असते. भिंत चकचकीत होती. फक्त पोर्टच्या कडेचा टवका उडाला होता आणि रिंगचे दोन तुकडे झाले होते. मी ते सगळं वर्तमानपत्रावर मांडून दिरांच्या ओट्यावर नेलं. जाऊ शेंगा सोलत बसली होती. दिरांनी कडेवरून नख फिरवलं, बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता जावेला म्हणाले, "मशीनच हलकी होती."

एक गोष्ट मी त्या ओट्यावर बोलले नाही. त्यांनी सिलिंडर परत बसवण्याआधी मी त्या कडेवरून बोट फिरवलं होतं. ती पात्यासारखी धारदार होती. मी गप्प राहिले आणि पेट्रोल भरून दिलं. माझंच खरं ठरावं, असं मला वाटलं.

चेनसॉ भंगारात गेला. दीर आणि मी एकमेकांशी बोलत नाही. सिलिंडर आणि रिंगचे दोन तुकडे माझ्या कपाटात आहेत.